दोन नारळ, एक पोरगी

पेडगावात येडबाच्या घरी त्या पावसाळ्यात कोनाड्यात दोन नारळ शेजारी शेजारी बसले होते, आणि त्यांनी येडबाच्या जिवाला घोर लावला होता. परक्या माणसाला यात घोर लागण्यासारखं काय, ते कळायचं नाही. नारळ फोडावा, खोबरं खावं, मोकळं व्हावं. पण मेंढरं राखणाऱ्याच्या घरात नारळ ही खायची वस्तू नसते, ती जबान असते. सुगी संपली की शेतकरी येडबाला गाठतात. कळप रानात बसला की लेंड्यांनी जमिनीत जीव येतो, म्हणून ज्याला आपल्या शेतात मेंढरं बसवून घ्यायची असतील तो नारळ घेऊन येतो. येडबानं तो हातात घेतला, कपाळाला लावला, की कळप त्या शेतात जाणार म्हणजे जाणार. मग शेजारचा बांधावर उभा राहून कितीही आर्जवं करू दे. एका कळपाचे दोन नारळ घेणाऱ्याला पुढच्या साली कोणी रानात उभं करत नाही. येडबाच्या आजानं कधी दोन घेतले नव्हते, बापानं घेतले नव्हते. येडबाच्या घरात आले, आणि तेही मेंढरांचे नव्हे, पोरीचे.

पोरगी म्हणजे बबिता. दहावीला होती, हाडापेरानं दणकट, आणि फुटबॉल खेळायची. गोल करणारी नव्हे, अडवणारी. लहानपणापासून बापाबरोबर मेंढरं वळल्यामुळं तिला एक गोष्ट न शिकवता आली होती. पळणाऱ्या मेंढराच्या मागं धावायचं नसतं, ते जिथं निघालंय तिथं आधी जाऊन उभं राहायचं असतं. समोरच्या संघातल्या पोरींना ती तशीच वळायची. चेंडू घेऊन सुसाट आलेली पोरगी बघते तर बबिता आधीच तिथं उभी.

पहिला नारळ आणला सोमेश्वर सरांनी. परभणीत त्यांच्या घरचं कापडाचं दुकान, पण सरांचा जीव दुकानात कधी रमला नाही. सकाळ-संध्याकाळ मैदानावर पोरींचा क्लब चालवायचे. उन्हाळ्याच्या शिबिरात त्यांनी बबिताला पाहिलं आणि एका सोमवारी थेट पेडगावला येऊन उभे राहिले. पोरीला क्लबात पाठवा म्हणाले, आणि हातातला नारळ पुढं केला. येडबानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. त्याच्या लेखी तिथंच सगळं ठरलं. तेव्हापासून बबिता पहाटेची एस.टी. धरून परभणीला जायला लागली.

दुसरा आणला शाळेच्या सूर्यभान मास्तरांनी, आणि हे मास्तर मोठे बेरकी. मूळचे राणीसावरगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. नारळाचा अर्थ त्यांना येडबाइतकाच ठाऊक. येडबा रानात गेलेला बघून ते घरी आले आणि त्याच्या बायकोच्या, भिवराबाईच्या हातात नारळ ठेवून गेले. शाळेच्या मुलींचा संघ जिल्ह्याला न्यायचाय, बबिता पाहिजे. तालुक्याचा सामना जिंकल्यातच जमा होता, कारण तालुक्यात मुलींचा दुसरा संघच नव्हता. जिंतूरला जिल्ह्याचे सामने होते. तिथून पुढं गेलं तर दहावीला वाढीव गुण. पोरी मोजून अकरा. बबिता नसेल तर गावातली मालनबाई आपल्या पोरीला, रोहिणीला धाडणार नाही, रोहिणी नाही म्हटल्यावर आणखी दोघींचे बाप बोट दाखवायला मोकळे. सगळा संघच बसणार.

येडबानं घरी येऊन कोनाड्यात दुसरा नारळ पाहिला आणि मटकन खाली बसला. मला विचारायचं तरी होतंस, असं बायकोला म्हणाला. भिवराबाई काही कोणाला दबणारी नव्हती. शाळा पोरीचीच आहे, तिला नाही कसं म्हणू, तिचा सवाल. खेळ तोच, चेंडू तोच, पोरगी तीच, मग भांडण कशाचं?

भांडण होतं, आणि ते बबितानंच सांगितलं. क्लबच्या मुलींनी यंदा शाळेकडून खेळायचं नाही, असा सोमेश्वर सरांचा नियम होता. हे सांगताना तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिला दोन्हीकडं खेळायचं होतं. क्लबात खेळ शिकायला मिळत होता आणि शाळेत तिच्या मैत्रिणी होत्या, यातलं काय टाकायचं? शेवटी ती बापाला म्हणाली, तुम्हीच एकदा सरांना विचारून या, तुमचं ऐकतील ते. दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर तुला कोणतं पाहिजे, हे मात्र तिला ना बापानं विचारलं, ना आईनं. मेंढराला कोणत्या शेतात बसायचंय हे कोण विचारतं?

येडबा परभणीला गेला. सर मैदानावर होते, पोरी धावत होत्या. येडबा ताकाला गेला खरा, पण भांडं काही पुढं करेना. पावसाचं बोलला, सोयाबीनवरच्या अळीचं बोलला, सरांच्या वडिलांची तब्येत विचारली. बोलता बोलता घशाला कोरड पडली, तेव्हा कुठं नारळाचा विषय निघाला. आम्ही तुमचा नारळ घेतलेला आहे, त्यामुळं आमची जबान तुमच्याकडं आहे, असं काहीबाही तो बोलला.

सरांना आधी आठवेचना. मग आठवलं आणि ते हसायला लागले.

"अहो मामा, तो सोमवारचा नारळ. देवळातून निघालो तो तसाच तुमच्याकडे आलो. प्रसाद होता तो. खाल्ला नाहीत का अजून?"

येडबाही हसला, कारण सर हसत होते. पण आतून त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. ज्या जबानीला तो इतके दिवस उरापोटाशी धरून बसला होता, ती कोणी मागितलीच नव्हती. म्हणजे खरा नारळ एकच उरला, शाळेचा. तो सूर्यभान मास्तरांनी चांगला जाणूनबुजून दिला होता, आणि भिवराबाईनं घेतला होता. आता पोरगी शाळेकडून उतरली नाही तर जबान मोडणार, ती येडबाची.

हे तो सांगणार, तेवढ्यात सरांनीच शाळेचा विषय काढला. मैदानाच्या कडेला एक पोरगी बाटल्यांत पाणी भरत बसली होती. ती त्रिवेणी, सर म्हणाले. गेल्या वर्षीची त्यांची सगळ्यांत गुणी खेळाडू. क्लबात सराव, वर शाळेचे एकामागून एक सामने, पायाला विसावा म्हणून नाही. एका शाळेच्या सामन्यात दगडावरून पाय घसरला आणि गुडघा गेला. अजून नीट चालता येत नाही. पण मैदान सुटत नाही म्हणून रोज येते आणि पाणी भरते. तेव्हापासून सरांनी ठरवलं, दोन घोड्यांवर बसणं बंद. शाळेच्या संघात जी एकदा उतरेल ती यंदा क्लबच्या संघात नाही. मग ती कोणी का असेना. हिवाळ्यात अकोल्याला मोठी स्पर्धा आहे, तिथं निवासी क्रीडा प्रबोधिनीसाठी मुली निवडायला माणसं येतात. बबिताला ते नक्की बघतील, मामा, तिच्यावर माझी मदार आहे.

येडबा त्रिवेणीच्या पायाकडं बघत राहिला. ती एक पाय ताठ धरून उठत होती. त्यानं मान हलवली, होय म्हणाला, आणि निघाला. शाळेचं नावसुद्धा त्याच्या तोंडातून निघालं नाही.

एस.टी.त बसून त्यानं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. शाळेला नाही म्हणावं तर जबान जाते, आणि शाळेच्या पोरींचा खेळ जातो. क्लबला नाही म्हणावं तर पोरीचं अकोलं जातं, न जाणो पुढचं आयुष्यच जातं. शाळेला हो म्हणावं आणि तिचाही गुडघा गेला तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाडी पेडगावच्या फाट्यावर आली तरी काही ठरलं नव्हतं. आणि फाट्यावर बबिता उभी होती. दम धरवला नाही म्हणून घरून चालत आली होती.

"काय मनले सर?"

येडबानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. खरं सांगायचं तर इथंच तो हरला.

"खेळ मनले. दोनीकडं खेळ."

बबितानं त्याचा हात घट्ट धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. एवढी वर्षं जबानीच्या गोष्टी सांगणारा हा गृहस्थ, आणि पोटच्या पोरीशी खोटं बोलायला त्याला एक श्वासही लागला नाही. जिंतूर लांब आहे, सर परभणीत, कळणार कोणाला, असा त्यानं स्वतःला धीर दिला. मेंढरांच्या मागं जन्म गेलेल्या माणसाला इतकं कळायला हवं होतं की पाठीमागं काय चाललंय ते कळपाला आधी कळतं आणि राखणाऱ्याला मागून.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. फोन वाजला की सरांचाच असेल असं वाटायचं. बबिता क्लबातून परत आली की आधी तिच्या चेहऱ्याकडं बघायचा. ती आनंदात असायची, जेवताना दोन्हीकडच्या गोष्टी सांगायची, आणि येडबा ताटावरून अर्ध्यातच उठायचा. सरांपुढं ती शाळेचा विषय काढत नव्हती हे नशीबच. बापानं सगळं बोलून ठेवलंय, आता आपण तेच तेच काय उगाळायचं, असं तिला वाटत असावं. भिवराबाईनं दोनदा विचारलं, तुमचं काही दुखतंय का. नाही म्हणाला. दुखत असतं तर बरं, दाखवता तरी आलं असतं.

सामन्याच्या दिवशी पोरी मास्तरांबरोबर टेम्पोतून जिंतूरला गेल्या. येडबा घरीच राहणार होता, पण त्याला बसवेना. कळप भिवराबाईवर टाकून त्यानं मागून एस.टी. धरली. पोहोचला तेव्हा खेळ सुरू झाला होता. त्यानं आधी मैदान पाहिलं. मुरुमाचं, मध्ये मध्ये गवताचे पुंजके, आणि एका कोपऱ्यात पावसानं उघडे पडलेले दगड. बबिता त्या कोपऱ्याकडं धावली की येडबाचे डोळे आपोआप मिटायचे.

पण काय खेळत होती पोरगी. समोरचा संघ तालेवार, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट, ओरडायला त्यांची शाळेची पोरं आलेली. त्यांची एक उंच पोरगी चेंडू घेऊन वाऱ्यासारखी यायची आणि बबिता आधीच तिथं उभी. येडबाला वाटलं, असाच खेळ चालू राहावा आणि आजचा दिवस इथंच थांबावा.

मग त्याचं लक्ष सूर्यभान मास्तरांकडं गेलं. ते मोबाइल उभा धरून सगळं टिपत होते. येडबानं जवळ जाऊन विचारलं, हे कशाला. मास्तर खुशीत होते. बबिताचा खेळ ग्रुपवर टाकायलोय म्हणाले, अख्खा जिल्हा बघतो त्यावर. खेळातली सगळी माणसं आहेत. परभणीचे सोमेश्वर सरसुद्धा.

म्हणजे संध्याकाळपर्यंत सरांना कळणार. आणि पोरीला सगळ्यात शेवटी कळणार, तेही परक्याच्या तोंडून. एवढं मात्र येडबाला सोसलं नसतं.

मध्यंतर झालं. दोन्हीकडं गोल नव्हता. पोरी लिंबाच्या सावलीत बसून पाणी पीत होत्या. येडबानं बबिताला बाजूला बोलावलं. बाप आलेला बघून ती हसतच आली. त्यानं दस्तीनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि खाली बघत सांगून टाकलं. सर हो म्हणाले नव्हते. शाळेकडून उतरलेली पोरगी यंदा क्लबात नाही, असं म्हणाले होते.

बबिताच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"आन् हे तुमी आता सांगायलाव?"

"पाय मुरगळला मन. बसून घे. मी सरला सांगतो काहीतरी, हाता-पाया पडतो. आजून काई बिगडलं न्हाई."

हे त्याचं दुसरं खोटं, पहिल्याची जखम झाकायला काढलेलं. बबितानं त्याच्याकडं पाहिलं. राग असता तर येडबाला बरं वाटलं असतं. रागापेक्षा ती नजर वेगळी होती, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तशी. मग तिनं झाडाखालच्या पोरींकडं पाहिलं. रोहिणी बुटाची नाडी दातांनी आवळत होती. शिट्टी झाली. बबितानं बाटली बापाच्या हातात दिली आणि मैदानात गेली.

दुसऱ्या अर्ध्यात ती पहिल्यापेक्षा चांगली खेळली की वाईट, हे येडबाला सांगता आलं नसतं. त्याला समोरचं काही दिसतच नव्हतं. एकदाच दिसलं. ती दगडांच्या कोपऱ्यात पडली आणि लगेच उठली. शेवटी शेवटी दुसऱ्या बाजूनं एक साधासा चेंडू आला, गोलात उभ्या पोरीच्या हातून निसटला आणि आत गेला. पेडगाव एका गोलनं हरलं. वाढीव गुण नाहीत, पुढची फेरी नाही. रोहिणी रडली, दुसऱ्या दोघी रडल्या. बबिता रडली नाही. ती पोरींबरोबर टेम्पोत बसून गेली आणि येडबा एस.टी.नं मागून आला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन यायच्या आधीच ती तयार होऊन दारात उभी होती. "चला," एवढंच म्हणाली.

सर दुकानात होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ओरडले नाहीत, आणि त्यामुळं येडबा जास्तच घाबरला. शांतपणे म्हणाले, मामा, तुमच्यासमोर सांगितलं होतं मी. त्रिवेणीचा पाय दाखवला होता. येडबानं टोपी काढून हातात घेतली. जे बोलायचं ते त्यानं रस्ताभर जुळवून ठेवलं होतं.

"पोरीचा काईबी गुन्हा न्हाई, सर. तुमी हो मनले असं म्याच तिला खोटं सांगितलं. तिला बिलकुल ठाऊक न्हवतं. सामना संपल्यावर कळलं तिला."

गिऱ्हाईक आलं, त्याला सरांनी पोऱ्याकडं पाठवलं. मग म्हणाले की बापाच्या खोट्याची शिक्षा पोरीला देणं त्यांना जमणार नाही. फसवून उतरवलेली पोरगी नियम मोडते असं होत नाही. झालं ते झालं. उद्यापासून ये, बबिता, अकोल्याची तयारी करायची आहे.

येडबाचा कितीतरी दिवसांचा अडकलेला श्वास सुटला. देव पावला असं त्याला वाटलं. हात जोडून तो उठायलाच लागला होता.

"न्हाई सर," बबिता म्हणाली. "मला हाफटाईमलाच कळलं व्हतं."

येडबानं तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांनीच विनवलं, गप बस, बाई, गप बस. तिनं बापाकडं पाहिलंच नाही.

सरांनी विचारलं, "मग दुसऱ्या हाफला का उतरलीस?"

"पयला हाफ बापूनं खेळवला मला. दुसरा म्या माझ्या मनानं खेळले. अकोला जाईल हे ठाऊक असून खेळले. ह्या सगळ्यात तेवढी एकच गोष्ट म्या ठरवली, सर. ती केलीच न्हाई असं कसं मनू?"

सरांनी समोरचं कापडाचं ठाण उगाचच सरळ केलं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण त्रिवेणीचा गुडघा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता हेही दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. यंदा संघात नाही. सरावाला यायचं असेल तर ये, लहान मुलींबरोबर. बबिता म्हणाली, येते. आणि नमस्कार करून दुकानाची पायरी उतरली.

स्टँडवर दोघं गाडीची वाट बघत उभे राहिले. येडबाच्या मनात काय काय येत होतं. गप बसली असती तर अकोलं होतं. पण मग हेही येत होतं, की इतक्या पिढ्यांची जबान जबान करून आपण ज्या गोष्टीला जपलं, ती आपल्या हातून पुन्हा पुन्हा सुटली आणि या पोरीनं एकदाही सोडली नाही. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठंतरी अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाची परत लाज वाटली. पेडगावची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली.

"माझंच चुकलं, बबे," तो म्हणाला. जाऊ द्या, बापू, असं ती म्हणेल या आशेनं तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"व्हय," बबिता म्हणाली, आणि गाडीत चढली.